तो पुन्हा नशेकडे गेला, मग माझ्या सेवेचे काय?

श्रद्धेच्या आधारावर चालणाऱ्या व्यसनमुक्ती केंद्रांत सेवा देणारे स्वयंसेवक माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा सुरुवातीच्या तक्रारी निरनिराळ्या असतात. कोणाला रात्र-रात्र झोप लागत नाही, कोणाचे घरी खटके उडू लागलेले असतात, तर कोणाचे पाय केंद्राच्या फाटकाशीच अडतात. थोडे बोलणे झाले की त्यामागचा प्रश्न मात्र बहुधा एकच निघतो: ज्याच्यासाठी मनापासून प्रार्थना केली, ज्याच्या उशाशी बसून राहिलो, तो केंद्रातून बाहेर पडला आणि पुन्हा नशेकडे वळला, मग माझी सेवा कमी पडली, की माझी श्रद्धाच कच्ची होती? रुग्ण परत घसरला की केंद्रातल्या पगारी कर्मचाऱ्यांनाही वाईट वाटते, पण त्यांच्यामागे प्रशिक्षण असते, वरिष्ठांशी बोलण्याची सोय असते आणि असे चढउतार पाहिल्याचा अनुभव असतो. स्वयंसेवक श्रद्धेपोटी आपणहून आलेला असतो, त्यामुळे रुग्णाची घसरण थेट त्याच्या श्रद्धेवरच घाव घालते.

हा प्रश्न घेऊन आलेल्या एका स्वयंसेविकेची हकीकत येथे सांगत आहे. त्यांनी तशी परवानगी दिली आहे, आणि त्यांची किंवा इतरांची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. केंद्रात सगळे त्यांना ताई म्हणत, म्हणून मीही येथे ताईच म्हणते.

संध्याकाळच्या सामूहिक प्रार्थनेची तयारी करणे, नव्याने दाखल झालेल्यांजवळ बसणे, ज्यांचे हात थरथरतात त्यांची घरी पाठवायची पत्रे लिहून देणे, अशी ताईंची कामे होती. हेरॉईनच्या व्यसनातून सुटण्यासाठी पंचविशीतला एक तरुण त्या केंद्रात दाखल झाला. डॉक्टरांनी त्याला हेरॉईनची तलफ आटोक्यात ठेवणारी, जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फीनची गोळी सुरू केली होती. पहिले काही दिवस तो कोणाशीही बोलत नव्हता. ताई रोज त्याच्या खाटेशेजारी खुर्ची ओढून बसत, धर्मग्रंथातला एखादा उतारा हलक्या आवाजात वाचत आणि त्याला काहीही न विचारता उठून जात. एका संध्याकाळी त्यांचा आवाज बसला होता, तेव्हा त्याने हात पुढे करून पुस्तक घेतले आणि पुढचे पान स्वतः वाचले. तेव्हापासून तो ताईंशी मोकळेपणाने बोलू लागला.

पुढे एका प्रार्थनासभेत तो उभा राहिला आणि म्हणाला, "मी चार दिवस गोळी घेतलेली नाही. मला आता देव पुरेसा आहे." सभेत टाळ्या झाल्या. ताईंच्या डोळ्यांत पाणी आले आणि त्यांनी उठून त्याच्या डोक्यावर हात ठेवला. काही आठवड्यांनी त्याचा केंद्रातला मुक्काम संपला. निघताना त्याने ताईंचा खासगी नंबर मागितला. नियमात बसत नव्हते, तरी ताईंनी तो दिला. घरी गेल्यावर काही दिवस त्याचे निरोप येत राहिले. मग एका रात्री तो स्नानगृहात बेशुद्ध पडलेला सापडला, श्वास जवळजवळ थांबला होता. थोरल्या भावाने दार तोडून त्याला वेळेत रुग्णालयात नेले, म्हणून तो वाचला. दुसऱ्या दिवशी त्याच भावाने ताईंना फोन करून विचारले, "तुम्हीच म्हणाला होतात ना ताई, की तो आता सुटला म्हणून?"

ताई माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांनी बसण्याआधीच आपला फोन टेबलावर ठेवला आणि पडद्यावरची एक नोंद मला दाखवली. त्या रात्री एक वाजून गेल्यावर त्याचे लागोपाठ दोन कॉल येऊन गेले होते आणि ताई झोपलेल्या होत्या. "मॅडम, मला दुसरं काही नको," त्या म्हणाल्या, "एवढंच सांगा, मी फोन उचलला असता तर?"

अशा वेळी समोरच्याला चटकन धीर द्यावासा वाटतो. "यात तुमची काही चूक नाही" हे वाक्य ओठावर तयार असते. पण मी ते म्हणत नाही. एक तर ऐकणाऱ्याला ते पटत नाही. त्याला वाटते की यांना सगळे ठाऊक नाही म्हणून या असे म्हणत आहेत. दुसरे म्हणजे ते पूर्णपणे खरे असेलच असे नाही. अपराधीपणाचे गाठोडे कोणी समोर आणून ठेवले, तर ते न उघडताच "यात काही नाही" म्हणणे आणि न उघडताच "हे सगळे तुमचेच" म्हणणे, दोन्ही सारखेच अन्यायाचे आहे. ते सोडून एकेक गोष्ट बाहेर काढावी लागते आणि ही नेमकी कोणाची, हे ठरवावे लागते. ताईंबरोबर आम्ही पुढच्या भेटींत मुख्यतः हेच केले.

पहिली गोष्ट अर्थातच न उचललेल्या फोनची. उचलला असता तर काय झाले असते, हे कोणालाही सांगता येणार नाही, आणि तसे मी त्यांना स्पष्ट सांगितले. तो थांबलाही असता, किंवा पाच मिनिटे बोलून त्याने तेच केले असते. मात्र मध्यरात्री झोपलेले असणे हा कोणाचाही हलगर्जीपणा होत नाही. मग मी त्यांना विचारले की त्या रात्री केंद्राच्या फोनवर कोणी जागे होते का. ताई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "हो, रात्रपाळीचा माणूस असतो. पण त्याला नंबर होता ना माझा, तो तिकडे कशाला करेल?" विचार करण्यासारखी गोष्ट येथे होती, आणि ती ताईंना माझ्या आधी दिसली. कॉल न उचलण्यात त्यांचा दोष नव्हता. पण खासगी नंबर दिल्यामुळे, एका संस्थेने पाळीपाळीने करायचे काम एका झोपलेल्या माणसावर येऊन पडले. केंद्रांचे असे नियम बाहेरून कोरडे वाटतात. रुग्णाशी जिव्हाळा जडला की तर ते माणुसकीच्या आडच येतात असे वाटू लागते. पण खासगी नंबर देऊ नये, पैसे उसने देऊ नयेत, रुग्णाला एकट्याने घरी बोलावू नये, हे नियम रुग्णाचा आधार एका व्यक्तीवर टांगलेला राहू नये यासाठी असतात. स्वयंसेवक आजारी पडतो, बाहेर जातो, थकतो, त्याच्या घरी काही घडते. जो आधार त्याच्या एकट्याच्या जागे असण्यावर अवलंबून आहे, तो आधार नाही.

दुसरी गोष्ट गोळीची, आणि ती अधिक जड होती. त्याने गोळी सोडल्याचे भर सभेत सांगितले, तेव्हा तेथे बसलेल्या कोणीही डॉक्टरांना कळवले नाही. सर्वांना तो विजय वाटला. ब्युप्रेनॉर्फीन आणि त्याच उपचारात वापरले जाणारे मेथाडोन ही औषधे जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत 2005 पासून आहेत. एका नशेच्या जागी दुसरी नशा द्यावी यासाठी ती वापरत नाहीत. योग्य मात्रेत ती तलफ आणि शारीरिक त्रास आटोक्यात ठेवतात, आणि उपचार चालू असेपर्यंत मृत्यूचा धोका लक्षणीय कमी होतो. ती कमी करायची असतील तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू करायची असतात. ती अचानक सोडणाऱ्याला दुहेरी धोका असतो. तलफ उसळून येते, आणि मधल्या काळात शरीराची सवय मोडलेली असते. पूर्वी जी मात्रा शरीर सहज पचवत होते, तीच मात्रा आता श्वास थांबवू शकते. केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर पडल्यावरचे पहिले काही आठवडे हेरॉईनसारख्या अफूजन्य पदार्थांचे व्यसन असलेल्यांसाठी सर्वांत धोक्याचे असतात, ते याचमुळे. त्या तरुणाच्या बाबतीत नेमके हेच घडले होते.

हे सांगितल्यावर ताई रडल्या. मी त्यांना थांबवले नाही. सभेत वाजलेल्या टाळ्यांत त्यांच्याही टाळ्या होत्या, हे खरेच होते. पण त्या टाळ्यांना आधीचा इतिहास होता. खऱ्या भक्ताला औषधाच्या कुबड्या लागत नाहीत, असे त्या केंद्रात वरिष्ठ मंडळींकडून अधूनमधून बोलले जाई. डॉक्टरांच्या फेरीची माहिती स्वयंसेवकांना कधी दिली जात नव्हती, आणि गोळी कशासाठी आहे हे ताईंना कोणी एकदाही समजावले नव्हते. न शिकवलेल्या गोष्टीची संपूर्ण जबाबदारी स्वयंसेवकावर टाकणे चुकीचे आहे. तरी त्यातला एक भाग ताईंच्या हातात होता: "डॉक्टरांना विचारलंस का?" हा एक प्रश्न विचारायला वैद्यकीय ज्ञान लागत नाही. त्यांनी तो भाग आपला म्हणून स्वीकारला, आणि मला वाटते, तेथून त्यांची झोप परत यायला सुरुवात झाली. नेमकी किती चूक आपली, हे कळले की ती सुधारता येते. सगळेच आपल्यामुळे झाले, असे वाटत राहिले तर माणूस नुसता खंगत जातो.

औषध आणि श्रद्धा यांचे वैर आहे, असे मानण्याला व्यसनमुक्तीच्या इतिहासातही आधार सापडत नाही. दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याची 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही चळवळ देवावर, किंवा माणसाहून मोठ्या एखाद्या शक्तीवर, भार टाकण्याच्या कल्पनेवर उभी आहे. तरी कोणाही सदस्याने दुसऱ्याचा डॉक्टर होऊ नये, असे त्यांच्या औषधांविषयीच्या पुस्तिकेत स्पष्ट म्हटले आहे. दारूच्या बाबतीत तर हा मुद्दा जिवाशी गाठ घालणारा आहे. अनेक वर्षे रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती एकदम बंद केली, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान तीव्र भ्रम, ताप, अंगाला सुटलेला कंप अशी अवस्था येऊ शकते. वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर त्यात माणूस दगावतो. नव्याने दाखल झालेला रुग्ण घामाने थबथबला असेल, नसलेल्या गोष्टी त्याला दिसत असतील, तो असंबद्ध बोलत असेल, तर स्वयंसेवकाने आधी डॉक्टरांना बोलवावे. प्रार्थना त्यांच्या येण्यापर्यंतही करता येते आणि नंतरही.

तिसरी गोष्ट ताईंनी उशिरा, जवळजवळ दाराशी पोहोचल्यावर सांगितली. केंद्रात असतानाच त्या तरुणाने त्यांना सांगितले होते की हेरॉईन पुरवणाऱ्याचा नंबर त्याने अजून जपून ठेवला आहे. "ताई, हे कुणाला सांगू नका," असे म्हणून त्याने त्यांच्याकडून वचन घेतले होते. त्यांनी ते पाळले.

गुपिताविषयी मला थोडे विस्ताराने लिहावेसे वाटते, कारण स्वयंसेवकांची सर्वांत मोठी कोंडी येथेच होते. व्यसनी माणसाचे आयुष्य लपवाछपवीत गेलेले असते, आणि घरातल्या प्रत्येकाने त्याच्यासाठी काही ना काही लपवलेले असते. केंद्रात आल्यावर तो ज्याच्यावर विश्वास टाकतो, त्याच्याबरोबर तो सवयीने तेच नाते उभे करतो: "फक्त तुम्हालाच सांगतो." ऐकणाऱ्याला हा विश्वास मोठा सन्मान वाटतो आणि तो हरखून जातो. पण त्या क्षणापासून तो रुग्णाच्या बाजूने उभा राहण्याऐवजी त्याच्या व्यसनाच्या बाजूने पहाऱ्यावर उभा राहतो. म्हणून वचन देण्याआधीच सांगून टाकावे. मी स्वयंसेवकांना सुचवते ते शब्द साधारण असे असतात: "तू जे सांगशील ते मी चव्हाट्यावर आणणार नाही. पण तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका होईल असं काही असलं, तर ते तुझ्या समुपदेशकाला सांगावं लागेल, आणि सांगताना मी तुझ्याबरोबर येईन." हे ऐकून काही जण गप्प बसतात आणि काही सांगतच नाहीत. पण जो सांगतो, त्याने ते मदत मिळावी म्हणूनच सांगितलेले असते. त्या तरुणाच्या बाबतीत माझा अंदाज असा की, नंबर जपून ठेवला आहे हे त्याने ताईंना सांगितले, त्यामागे तो नंबर कोणीतरी आपल्याकडून काढून घ्यावा अशी धडपड असावी.

यानंतरच आम्ही घसरणीकडे वळलो, कारण आपापल्या वाट्याची गोष्ट निवडून झाल्यावर उरलेली गोष्ट आजाराची असते. व्यसन हा दीर्घकाळ चालणारा, पुन्हा उलटणारा आजार आहे. त्यातून सावरू लागलेल्यांपैकी साधारण 40 ते 60 टक्के लोक पुन्हा एकदा तरी घसरतात आणि हे प्रमाण उच्च रक्तदाब किंवा दमा यांसारख्या आजारांत लक्षणे पुन्हा उलटण्याच्या प्रमाणाच्या आसपास आहे, अशी तुलना 2000 साली एका नामांकित अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात मांडली गेली आणि आजही ती वापरली जाते. दम्याचा रुग्ण पुन्हा धापा टाकत आला, तर त्याची किंवा त्याच्या परिचारिकेची श्रद्धा कमी पडली, असे कोणी म्हणत नाही. अ‍ॅलन मार्लाट या मानसशास्त्रज्ञाने घसरणीचा बारकाईने अभ्यास केला. त्याच्या मांडणीतला एक भाग स्वयंसेवकांना माहीत असायलाच हवा. पहिला घोट किंवा पहिला झुरका आणि पूर्ण व्यसनात परत जाणे या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि पहिलीचे रूपांतर दुसरीत होण्याला बऱ्याचदा लाज कारणीभूत होते. "आता सगळं गेलंच, मी मुळातच नालायक," असे वाटले की माणूस थांबत नाही. हे लक्षात घेतले, तर घसरलेल्याला "देवाला काय तोंड दाखवशील?" असे विचारणे किती घातक आहे, हे वेगळे सांगायला नको. त्याने प्रथम ऐकायला हवे असते ते "बरं झालं सांगितलंस, आता डॉक्टरांकडे जाऊ या" हे.

ताईंना सर्वांत जास्त उपयोग झाला तो 1935 सालातल्या एका घटनाक्रमाचा. 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस'चा एक संस्थापक बिल विल्सन याने 1934 च्या डिसेंबरमध्ये दारू सोडली. त्याला रुग्णालयात एक उत्कट आध्यात्मिक अनुभव आला होता, आणि त्यानंतरचे काही महिने तो न्यूयॉर्कमधल्या दारुड्यांना गाठून आपला अनुभव सांगत फिरला. त्यांतला एकही सुटला नाही. तो निराश झाला, तेव्हा त्याची पत्नी लोइस हिने त्याच्या लक्षात आणून दिले की एक माणूस मात्र या काळात प्यालेला नाही, तो म्हणजे तो स्वतः. त्याच्यावर उपचार केलेले डॉक्टर विल्यम सिल्कवर्थ यांनी त्याला उपदेश थांबवून आधी आजाराविषयी बोलण्याचा सल्ला दिला. त्यानंतर मे महिन्यात ओहायोमधल्या अ‍ॅक्रन शहरात त्याची डॉक्टर बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी भेट झाली, आणि या वेळी तो उपदेश करायला गेला नव्हता. त्याला स्वतःलाच प्यावेसे वाटत होते, म्हणून बोलायला माणूस हवा होता. स्मिथ यांनी दारू सोडली. थोड्याच दिवसांत ते एका वैद्यकीय परिषदेला गेले आणि तेथे पुन्हा प्यायले. परत आल्यावर, 10 जून 1935 रोजी, त्यांनी शेवटचा पेला घेतला. पुढे जगभर पसरलेल्या या चळवळीचा स्थापना दिवस म्हणून आजही तीच तारीख मानली जाते.

ताईंनी हे ऐकून विचारले, "म्हणजे तो घसरला तेव्हा विल्सनने काय केलं?" विल्सन तेथेच राहिला होता, स्मिथ यांच्याच घरी, आणि त्याने व स्मिथ यांच्या पत्नीने त्यांना सावरले. ताईंना या उत्तरात आपल्या कामाचे स्वरूप दिसले असावे, असे त्यांच्या पुढच्या बोलण्यावरून मला वाटले.

घरात व्यसन पाहिलेली माणसे अशा सेवेकडे मोठ्या संख्येने वळतात, म्हणून मी त्याविषयी नेहमी विचारते. ताईंचे वडील प्यायचे. लहानपणी ताई बाटल्या शोधून मोरीत ओतून द्यायच्या आणि वडील सुधारावेत म्हणून नवस बोलायच्या. वडील सुधारले नाहीत. त्या मुलीने तेव्हाच मनाशी धरले होते की आपण पुरेसे चांगले असतो तर ते थांबले असते, आणि तीच समजूत त्या तरुणाच्या घसरणीने वर आली होती. व्यसनी व्यक्तींच्या कुटुंबीयांसाठी 1951 साली सुरू झालेल्या 'अल-अ‍ॅनॉन' या संघटनेत नवागतांना तीन गोष्टी वारंवार सांगतात: हे मी घडवले नाही, हे मी ताब्यात ठेवू शकत नाही आणि हे मी बरे करू शकत नाही. ताईंनी ही वाक्ये आधी वडिलांसाठी मोठ्याने म्हटली, त्या तरुणासाठी नंतर. स्वतःच्या घरातले दुःख घेऊन सेवेला येण्यात गैर काही नाही. त्या दुःखाची वेगळी विचारपूस कोठेतरी व्हायला हवी, नाहीतर प्रत्येक रुग्णात आपल्याच माणसाला वाचवण्याचा प्रयत्न चालू राहतो.

राहिला प्रश्न प्रार्थनेचा. देवाने प्रार्थना ऐकली की नाही, याचा निवाडा समुपदेशकाने करू नये. त्यासाठी मी ताईंना त्यांच्या धर्मपरंपरेतल्या ज्या जाणत्या व्यक्तीवर त्यांचा विश्वास होता, तिच्याकडे जायला सुचवले, आणि त्या गेल्या. माझ्या कक्षेत येते ते एवढेच, की प्रार्थनेचा उपयोग केंद्रात कसा केला जातो. रुग्णाबरोबर बसून केलेली प्रार्थना त्याला एकटेपणातून बाहेर काढते, दिवसाला शिस्त देते, आणि आपल्याहून मोठ्या कशावर तरी भार टाकून आजचा दिवस निभावण्याचे बळ देते. हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे आणि त्याचे मोल मला मनापासून वाटते. तीच प्रार्थना रुग्णाची परीक्षा म्हणून वापरली, म्हणजे किती तन्मयतेने म्हणतो यावर तो किती बरा झाला हे ठरवले, की रुग्ण बरे झाल्याचे सोंग करायला शिकतो. आसरा, जेवण आणि उपचार ज्यांच्या हाती आहेत, त्यांना आवडेल तेच अगतिक माणूस बोलणार. त्या तरुणाने सभेत गोळी सोडल्याची घोषणा केली, तेव्हा त्याला खरोखर तसे वाटत होते की सर्वांना हवे ते त्याने दिले, हे आज त्यालाही नीट सांगता येत नाही. 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस'च्या, 1939 साली प्रसिद्ध झालेल्या बारा पायऱ्यांत देवाचा उल्लेख करताना "आम्हाला जसा उमगला तसा" अशी मोकळीक मुद्दाम ठेवली गेली, म्हणजे देव न मानणाऱ्यांनाही त्या चळवळीत जागा राहावी. ज्या रुग्णाचा देवावर विश्वास नाही, किंवा ज्याचा धर्म वेगळा आहे, त्याच्याजवळही स्वयंसेवकाला खुर्ची ओढून तितकाच वेळ बसता आले पाहिजे.

ताईंनी काही आठवडे केंद्रातले काम पूर्ण थांबवले. खचून दिलेली सेवा रुग्णाच्या उपयोगी पडत नाही, म्हणून हा अवकाश मला आवश्यक वाटला. या काळात त्यांनी त्या तरुणाच्या भावाला भेटून, गोळीबद्दल डॉक्टरांना कळवायला हवे होते ते आपण कळवले नाही, एवढे सांगितले आणि त्याबद्दल माफी मागितली. आपले समाधान करण्याचे काम भावावर पडू नये म्हणून जास्त वेळ बसायचे नाही, असे आम्ही आधीच ठरवले होते. भाऊ रागावला, आणि तो राग त्यांनी ऐकून घेतला. पुरवणाऱ्याच्या नंबरची गोष्ट त्यांनी तरुणाला पुन्हा आठवण करून दिली, आणि आता ती त्याच्या समुपदेशकासमोर, त्याच्या संमतीने बोलली गेली. त्याची गोळी पुन्हा सुरू आहे. ताईंचा खासगी नंबर त्याने आपल्या फोनमधून काढून टाकला आणि त्या जागी केंद्राचा, डॉक्टरांचा व भावाचा नंबर लिहिला.

ताई पुन्हा केंद्रात जाऊ लागल्या आहेत. रुजू होण्याआधी त्यांनी संचालकांशी जे प्रश्न बोलून घेतले, ते नव्याने सेवा सुरू करू इच्छिणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी विचारावेत असे मला वाटते. केंद्रात डॉक्टर कधी आणि कोणत्या वेळी असतात, आणि नसताना रुग्णाची प्रकृती बिघडली तर कोणाला बोलवायचे? डॉक्टरांनी दिलेल्या औषधांविषयी संस्थेची भूमिका काय, आणि रुग्णाने गोळी सोडल्याचे कळले तर स्वयंसेवकाने ते किती वेळात व कोणाला सांगायचे? प्रार्थनेला न येणाऱ्या रुग्णाला उपचार, जेवण आणि जागा तशीच मिळते का? रुग्णाला त्याच्या इच्छेविरुद्ध कोंडून ठेवतात का? स्वयंसेवकांना आपल्या मनावरचा ताण बोलण्यासाठी कोणी नेमलेले आहे का? संचालकांना शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लगेच देता आले नाही. सध्या दर पंधरवड्याला स्वयंसेवकांची एक बैठक होते, तिला डॉक्टरही येतात, आणि औषध सोडल्याची घोषणा प्रार्थनासभेत करू न देण्याचा निर्णय त्याच बैठकीत झाला.